स्टर-फ्रायला पाणी सुटतं, फ्राइड राइसचा गिचका होतो: नेमकं कुठे बिनसतं?

तक्रार साधारण अशी असते. भाज्या पातळ चिरल्या, कढई तापवली, तेलात लसूण टाकला, मोठ्या आचेवर भाज्या परतायला घेतल्या. सुरुवातीला सगळं छान. मग तळाशी पाणी दिसायला लागतं, कोबी लोळतो, सिमला मिरचीचा रंग उतरतो, आणि सोया सॉस घातल्यावर ताटात येते ती तपकिरी पाण्यातली उकडलेली भाजी. फ्राइड राइस करावा तर त्याचा गोळा, नूडल्स कराव्यात तर त्यांचा गुंता. मग सॉस बदलून बघायचा, नवी कढई आणायची, आणि पुन्हा तेच.

सॉस आणि कढई यांचा यात फारसा दोष नसतो. कढईत जितकं पाणी येतंय तितकं उडून जात नाहीये, एवढीच बहुतेक वेळा गोष्ट असते. पाणी भाजीतून येतं, धुतल्यावर न पुसलेल्या पानांतून येतं, भातातून येतं, सॉसमधून येतं. आणि तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आच कितीही मोठी करा. खरपूस रंग आणि वास यायला साधारण 140 अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे पाणी साचलं की तुम्ही परतत नसता, उकडत असता.

थोडा हिशेब करू, कारण त्यातूनच उपाय सापडतो. घरातल्या मोठ्या बर्नरची ताकद ढोबळमानाने 2 ते 3 किलोवॅट. गॅसवर त्यातली जवळपास निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूंनी निघून जाते, म्हणजे कढईला मिळते ती एक ते दीड किलोवॅट. उकळत्या पाण्याच्या 1 ग्रॅमची वाफ करायला सुमारे 2,260 जूल लागतात. त्या हिशेबाने अशी कढई मिनिटाला 25 ते 40 मिली पाणी उडवू शकते. दोन-अडीच मोठे चमचे, बस. आता त्यात अर्धा किलो भाजी एकदम ओतली, तर ती नुसती गरम व्हायलाच दोनेक मिनिटं सगळी उष्णता खाते. कोबी, मशरूम, सिमला मिरची यांच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तेवढ्या वेळात त्या पाणी सोडायला लागतात आणि बर्नर मागे पडतो.

हॉटेलातल्या वोकखालचा (गोल बुडाच्या चिनी कढईखालचा) बर्नर याच्या कितीतरी पट ताकदीचा असतो. तिथे आचारी एकदम भरपूर माल टाकतो आणि तो सुकाच राहतो. त्याचे व्हिडिओ बघून घरी तेवढाच माल टाकायचा म्हणजे गणित चुकणारच.

कान द्या

कढईत काय चाललंय ते डोळ्यांआधी कानाला कळतं. भाजी पडली की जोरात 'चुर्र' आवाज येतो, कोरडा आणि चढा. तो टिकला तर सगळं ठीक. अर्ध्या मिनिटात तो खाली बसला आणि त्याच्या जागी बुडबुड सुरू झाली, की समजा पाणी जिंकलं. त्या क्षणी परतत राहून काही होत नाही. अर्धी भाजी ताटलीत काढा, कढईतलं पाणी वाटीत ओतून घ्या (ते पुढे सॉसमध्ये चालतं), उरलेल्या भाजीला पुन्हा तो चढा आवाज येईपर्यंत वेळ द्या. मग काढलेली भाजी परत घाला. झाकण मात्र अजिबात ठेवू नका. 'लवकर शिजेल' म्हणून ठेवलेलं झाकण वाफ अडवतं आणि तीच पाणी होऊन खाली गळते. अर्ध्याहून जास्त पाणीदार स्टर-फ्राय या एका सवयीमुळे होतात, असं माझं मत.

भाजीचा बंदोबस्त

पहिला उपाय कंटाळवाणा आहे पण त्याला पर्याय नाही: थोडं थोडं करा. 28 ते 30 सेंटीमीटरच्या कढईत एका वेळी पाव किलो चिरलेली भाजी, फार तर थोडी जास्त. चार माणसांसाठी दोन किंवा तीन फेऱ्या. दर फेरीत दोन-तीन मिनिटांचंच काम असतं, त्यामुळे एकूण वेळ फारसा वाढत नाही; उलट पाणी आटवत उभं राहायचा वेळ वाचतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये रिकामी कढई पुन्हा तापू द्या. शेवटी सगळं एकत्र करून सॉस घाला, अर्धं मिनिट हलवा, उतरवा.

दुसरं, भाजी कोरडी हवी. धुऊन लगेच कढईत टाकलेली पालेभाजी स्वतःच्या पाण्याआधी नळाचं पाणी सोडते. आधी धुऊन चाळणीत निथळत ठेवा, मग स्वच्छ कापडावर पसरून टिपून घ्या. फ्रीजमधून काढलेली भाजी थेट टाकू नका; चिरेपर्यंत तरी बाहेर राहू द्या. आणि सुरुवातीला मीठ घालू नका. मिठाने भाजीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि पुढे सॉसमधून पुरेसं मीठ येणारच असतं.

तिसरं, सगळ्या भाज्यांना एकाच वेळी आमंत्रण देऊ नका. गाजर आणि फरसबी कडक, त्यांना आधी. सिमला मिरची, कोबी नंतर. मूग किंवा सोयाबीनचे लांब मोड, कांद्याची पात, कोवळी पानं अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात. मशरूमचं मात्र वेगळं प्रकरण आहे. ते आधी पाणी सोडतात, मग आटवतात, आणि त्यानंतरच त्यांना रंग येतो. मध्येच ढवळाढवळ केली की तो येत नाही. त्यांना स्वतंत्र कढईत, एका थरात, न हलवता करा आणि बाजूला काढून ठेवा. मशरूम इतरांबरोबर टाकून नंतर पाण्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

ब्रोकोली आणि फरसबीसाठी एक उलटा वाटणारा उपाय: आधी उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात एक मिनिट टाका, लगेच गार पाण्यात काढा, मग खडखडीत कोरड्या करा. पाणी टाळायचं म्हणून पाण्यात उकळायचं, हे चमत्कारिक वाटेल. पण अर्धवट शिजलेल्या भाजीला कढईत फक्त एखादं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात पाणी सुटायला सवडच मिळत नाही. हॉटेलांतही भाज्या बहुधा अशाच पाण्यातून किंवा गरम तेलातून काढून तयार ठेवलेल्या असतात.

राहिली कढई. सपाट बर्नरवर गोल बुडाचा वोक डुगडुगतो आणि त्याचा फारच थोडा भाग तापतो. घरासाठी सपाट बुडाची जाड लोखंडी कढई किंवा रुंद तवासदृश पॅन जास्त उपयोगाचं. इंडक्शनवर तर सपाट बूड लागतंच. कोरडी कढई तापली की नाही बघायला पाण्याचा थेंब टाका: तो फसफसून उडून गेला तर अजून थांबा, गोळी होऊन नाचायला लागला की तेल घाला. हा प्रयोग नॉनस्टिकवर करू नका. रिकामं नॉनस्टिक मोठ्या आचेवर ठेवलं की त्याचा थर 260 अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि त्याचा धूर चांगला नसतो. घरात पिंजऱ्यात पक्षी असेल तर तो धूर त्याच्या जिवावर बेतू शकतो. नॉनस्टिकच हाताशी असेल तर मध्यम-मोठी आच, आधीपासून तेल, आणि आणखी लहान फेऱ्या.

हॉटेलातला तो धुरकट वास घरी येत नाही म्हणून हळहळणारे बरेच असतात. तो वास उडत्या तेलाचे कण ज्वाळेत जळल्याने येतो. घरच्या ओट्यावर त्याच्या मागे लागू नये. कोरडी, करकरीत, रंग धरलेली भाजी जमली तरी जेवण उत्तम होतं.

भाताचा गिचका

इथे तीन वेगवेगळी दुखणी एकाच नावाखाली येतात, म्हणून आधी निदान करा.

शिते मोडून लगदा होतोय? मग तुम्ही गरम, ताजा, ओलसर भात वापरलाय. ताज्या भातातला स्टार्च मऊ आणि चिकट असतो. उलथनं लागलं की शित फुटतं आणि आतला चिक बाकीच्यांना चिकटवतो. भात गार झाला की तोच स्टार्च पुन्हा आवळला जातो आणि शित कडक होतं. रात्रीचा भात सकाळी टणक लागतो तो याच कारणाने, आणि तो टणकपणाच इथे हवा असतो.

शिते शाबूत आहेत पण गोळे सुटत नाहीत? मग भात डब्यात दाबून फ्रीजमध्ये ठेवला होता. असे गोळे कढईत उलथन्याने फोडायला जाऊ नका. आधीच ताटात काढा, हात किंचित ओले करून हलकेच मोकळे करा. फार घट्ट झाला असेल तर चमचाभर पाणी शिंपडून थोडा कोमट केला की सुटतो.

आणि भात मोकळा होता, पण सॉस घालताच चिखल झाला? मग सॉस जास्त झाला. एका माणसाच्या भाताला सोया सॉसचा एक छोटा चमचा, फार तर दीड. गडद रंग हवा म्हणून लोक साध्या सॉसचा मारा करतात आणि भात ओला आणि खारट करून बसतात. रंगासाठी डार्क सोया सॉसचे काही थेंब पुरतात. सॉस भातावर ओतण्यापेक्षा कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. भातापर्यंत पोचेपर्यंत त्यातलं थोडं पाणी उडतं आणि वास खुलतो.

शिळा भातच हवा असं काही नाही. संध्याकाळी ठरलं आणि घरात शिळा भात नाही, तर असं करा. तांदूळ पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. भरपूर उकळत्या पाण्यात टाका आणि शित दाताखाली किंचित कडक असतानाच चाळणीत ओता. मग मोठ्या ताटात किंवा परातीत पातळ थर पसरून पंख्याखाली ठेवा. वीसेक मिनिटांत वरची वाफ उडते, शित कोरडं पडतं, आणि त्याचा फ्राइड राइस शिळ्या भाताच्या जवळपास जातो. शितं गार असणं महत्त्वाचं आहेच, पण वरून कोरडी असणं त्याहून महत्त्वाचं.

तांदळाची जातही बघा. लांब दाण्याच्या तांदळात स्टार्चमधला अमायलोज हा घटक सहसा जास्त असतो, म्हणून तो सुटा राहतो. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ सुशीसाठी किंवा वाटीत घेऊन काड्यांनी खायला छान. त्याचाही फ्राइड राइस होतो, पण तेल जरा जास्त, फेरी लहान आणि हात हलका लागतो.

कढईत घातल्यावर क्रम असा: अंडं आधी फेटून अर्धवट घट्ट करून बाजूला काढायचं. मग तेल, कांदा-लसूण, मग भात. भात पसरून पंधरा-वीस सेकंद न हलवता सोडायचा, उलटायचा, पुन्हा सोडायचा. सतत ढवळणं हा आपल्याला लागलेला नाद आहे. त्याने शितंही मोडतात आणि कढईही गार पडते. शितं कढईत टणाटण उड्या मारायला लागली की सॉस, भाज्या, अंडं. एका फेरीत दोन माणसांपुरताच भात.

शिळ्या भाताबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवल्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करणारं विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. म्हणून फ्राइड राइससाठीचा भात पसरून लवकर गार करायचा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर बाहेर राहिलेला भात 'चांगला परतू' म्हणून वापरू नये.

नूडल्सचा गुंता

गव्हाच्या नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा, गार पाण्याखाली हाताने चोळून वरचा चिक धुऊन टाका, नीट निथळू द्या, चमचाभर तेल लावून पसरा. निथळण्यात घाई झाली तर पुन्हा कढईत पाणी, पुन्हा तीच कथा. तांदळाच्या चपट्या नूडल्स परतायच्या असतील तर उकळूच नका. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास, वाकतील पण मध्ये कडक राहतील इतक्या भिजवा. बाकीचं काम कढईत सॉसबरोबर होतं. उकळलेल्या तांदळाच्या नूडल्स परतताना तुकडे तुकडे होतात, आणि मग दोष सॉसला दिला जातो.

चिकन चिवट आणि तेही पाणी सोडतंय

मांसाचे धागे कोणत्या दिशेने धावतात ते बघून त्यांना आडवं, पातळ कापा. पाव किलोला एक चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक छोटा चमचा तेल चोळून वीस मिनिटं ठेवा. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर आतला रस धरून ठेवतो आणि पुढे सॉसही त्यालाच चिकटतो. जास्त चिवट मांस असेल तर पाव किलोला पाव छोटा चमचा खायचा सोडा लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग धुऊन, पुसून वरचं मिश्रण लावायचं. सोडा जास्त झाला किंवा धुवायचा राहिला तर साबणासारखी चव येते. कढईत तुकडे एका थरात, एक बाजू रंग धरेपर्यंत न हलवता. जवळपास शिजले की बाहेर काढा आणि शेवटी परत घाला.

तोफूचंही तसंच. पाण्यात भरून आलेला तोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) कापून कापडात गुंडाळा, वर जड काहीतरी ठेवा, मग कॉर्नफ्लोअर भुरभुरून परता. ओल्या तोफूला कुरकुरीतपणा येत नाही.

सॉसची कुरबुर

गुठळ्या होतात, कारण कॉर्नफ्लोअर कोरडं किंवा गरम पाण्यात कालवून घातलं जातं. गार पाण्यातच कालवा, एक भाग पिठाला दोन भाग पाणी, आणि घालण्याआधी पुन्हा ढवळा, कारण पीठ वाटीच्या तळाशी बसलेलं असतं. सॉस दाट व्हायला तो उकळायला हवा. नुसता गरम सॉस पातळच राहतो आणि आपण घाबरून आणखी पीठ घालतो. पण उकळी आल्यावर अर्ध्या मिनिटात उतरवा. फार वेळ उकळलं किंवा जोरजोरात ढवळलं की दाटपणा मोडतो. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही तेच करतात, म्हणून आंबट शेवटी.

खारट झालं तर बहुधा दोन-तीन खारट बाटल्यांची बेरीज झालेली असते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ असतं. फिश सॉस त्याहून खारट. सगळे सॉस आधी एका वाटीत कालवा, चाखा, आणि मगच कढईजवळ जा. आच मोठी असताना बाटल्या उघडत बसलं तर अंदाज चुकतो आणि लसूणही जळतो. लसूण बारीक किसलेला असेल तर तो सुरुवातीच्या तापल्या तेलात टाकूच नका. भाजी होत आली की मध्ये जागा करून थेंबभर तेलात दहा सेकंद परता आणि लगेच भाजीत मिसळा. भाजलेल्या तिळाचं तेलही तसंच, गॅस बंद केल्यावर. ते परतायचं तेल नव्हे, वासाचं आहे; तापवलं की कडवट होतं.

चव सपाट लागत असेल तर आणखी सोया सॉस ओतण्याआधी थोडं आंबट आणि चिमूटभर साखर घालून बघा. तरीही काही कमी वाटलं तर वाळलेले शिटाके मशरूम भिजवलेलं पाणी दोन चमचे घाला. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), फिश सॉस या सगळ्यांत तेच भरपूर असतं. शिटाकेतला घटक वेगळा आहे, पण ग्लुटामेटच्या जोडीला आला की चव दोघांच्या बेरजेहून जास्त वाढते. म्हणून हे दोन चमचे सॉसच्या दोन चमच्यांपेक्षा जास्त काम करतात.

आणि रात्री दाट असलेला सॉस सकाळी फ्रीजमधून पाणी होऊन निघतो, याचं कारण बहुतेकांना सुचत नाही. चाखलेला चमचा पुन्हा त्याच भांड्यात गेलेला असतो. आपल्या लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडतं, आणि फ्रीजमध्येही ते हळूहळू काम करत राहतं. चाखायला वेगळा चमचा घ्या. पातळ झालेला सॉस असेल तर आधी खळखळून उकळा म्हणजे ते एन्झाइम मरेल, आणि मगच नवं कॉर्नफ्लोअर कालवून घाला.